स्वर्गाची नागरिक, केडगावची रहिवासी

स्वर्गाचे नागरिक म्हणून सोमवारी कसे जगावे, हा प्रश्न पडला तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरविलेल्या ह्या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. त्यांच्यासाठी केडगावी विहिरी खणविल्या, शेती केली, छापखाना घातला.

पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, तेही अल्पशिक्षित बायकांना समजावे म्हणून. आम्हां भाषांतरकारांना त्यातील काही वाक्ये ओबडधोबड वाटतात. पण ती विद्वानांसाठी नव्हतीच. छपाईही मुक्तीतल्याच स्त्रियांच्या हातची. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूत विसावल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघाले.