भारतरत्न पांडुरंग वामन काणे

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, दापोली तालुक्यात, नारळी-पोफळीच्या बागांनी वेढलेले केळशी हे समुद्रकाठचे गाव आहे. अशा गावांत बागेच्या वाटणीवरून किंवा देवस्थानच्या मानपानावरून तंटे उद्भवत, आणि ते गावात मिटले नाहीत म्हणजे लोक दापोलीच्या कचेरीची वाट धरीत. त्या दापोलीत वामनराव काणे वकिली करीत असत. त्यांचे पुत्र पांडुरंग यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळील परशुराम-पेढे येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत झाले.

पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांनी संस्कृतात प्रावीण्य मिळविले. काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९११ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

इंग्रजी अमदानीतही हिंदूंचे वारसा व वाटणीचे दावे प्राचीन ग्रंथांच्या आधारे सुटत. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील ग्रंथ गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे विशेष प्रमाण मानला जाई. कायद्याची मुळे अशी परंपरेत रुजलेली असतात, हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. इंग्लंडातील जुन्या रूढी वसाहतवाल्यांबरोबर समुद्रापार गेल्या आणि अमेरिकेच्या न्यायपद्धतीचा पाया झाल्या.

या ‘व्यवहारमयूखा’चे संपादन करताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, असे काण्यांच्या मनात आले. परंतु विषय समुद्रासारखा अथांग निघाला. प्रस्तावनेचा स्वतंत्र ग्रंथ झाला, आणि एका ग्रंथाचे पाच खंड झाले! १९३० साली पहिला खंड प्रसिद्ध झाला व १९६२ साली हे कार्य पूर्ण झाले. सुमारे साडेसहा हजार पृष्ठांचा हा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रकाशित केला. वकिली सांभाळून आणि पोटाचा विकार सोसून काण्यांनी हे काम तडीस नेले. त्याच्या तिसऱ्या खंडात राजाची कर्तव्ये, न्यायदान आणि सदाचार यांचा विचार आहे.

मुळांचा शोध घेताना काण्यांना एक मोठे सत्य गवसले. स्मृतिकारांची मते परस्परांहून भिन्न आहेत आणि काळानुसार आचारही पालटत आले आहेत. विधवांच्या केशवपनाची क्रूर चाल शास्त्राच्या नावावर चालत असे. तिला प्राचीन ग्रंथांत भक्कम आधार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. परंपरा नीट जाणणारा पंडितच अशा प्रकारे सुधारणेचा कैवारी झाला.

त्याचबरोबर, स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेमुळे आपल्याला हक्कच आहेत, कर्तव्ये नाहीत, असा लोकांचा समज होईल, ही चिंताही त्यांनी निर्भीडपणे व्यक्त केली. १९५३ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली आणि १९६३ साली त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान लाभला. १९७२ साली त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १९७६ साली, राज्यघटनेत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला.

वृक्षाची मुळे जुनी असतात, पण पालवी दरवर्षी नवी फुटते. कायद्याचेही तसेच आहे. मुळांचे ज्ञान आणि नव्या पालवीचे स्वागत, हे दोन्ही काण्यांनी आयुष्यभर केले.