लोकमान्यांची तालीम

आपल्या उत्सवात आरतीनंतर लोकमान्यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि मग कुणीतरी १८९३ सालची सार्वजनिक गणेशोत्सवाची कथा सांगतो. ती आता आपल्या नातवंडांनाही पाठ आहे. यंदा संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लिहा म्हटले, तेव्हा मी ठरवले की उत्सवाचे टिळक नकोत, केसरीचेही नकोत. व्यायामाचे आणि मधुमेहाचे टिळक सांगावेत. आपल्यापैकी निम्म्या घरांत ‘शुगर’ आहे, आणि दुसऱ्या निम्म्यांनी अजून तपासून घेतलेली नाही, असा माझा आपला अंदाज!

बळवंतरावांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. मुळात प्रकृती किरकोळ. १८७३ च्या सुमारास ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा अंगात शक्ती अशी नव्हतीच. लग्न दोन वर्षांपूर्वी झालेले, आणि पत्नी त्यांच्यापेक्षा धट्टीकट्टी दिसते म्हणून मित्रमंडळी चेष्टा करीत, असे चरित्रकार सांगतात. गणितात हुशार असलेल्या या मुलाने मग असे काही केले की आजचे आईवडील डोक्याला हात लावतील. कॉलेजचे पहिले वर्ष त्याने चक्क शरीराला देऊन टाकले. तालीम, कुस्ती, नदी जवळच असल्याने पोहणे आणि नाव वल्हवणे, वर भरपूर दूध आणि चौरस आहार. परीक्षेत त्या वर्षी नापास! पण वर्ष संपेपर्यंत अंग पालटले. पुढच्या सत्तेचाळीस वर्षांतले तुरुंग, खटले आणि दौरे त्यांनी ज्या शरीरावर काढले, त्याचा पाया त्या एका ‘वाया गेलेल्या’ वर्षात आहे, असे माझे मत. आमच्या रेल मिलमध्ये नव्या स्टँडचा पाया भरायला कधी घाई केलेली मी पाहिली नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण फार घाई करतो.

हे भांडवल किती वेळा खर्ची पडले ते पाहा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. पुढे सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सक्तमजुरी. तुरुंगातले अन्न पोटात जाईना, वजन झपाट्याने उतरले. मुदतीआधी, ६ सप्टेंबर १८९८ ला सुटले तेव्हा माणूस खंगलेला होता. लगेच सभा गाजवायला न जाता ते सिंहगडावर गेले. तिथली स्वच्छ हवा, चढउतार आणि शांत झोप यांवर शरीर पुन्हा उभे केले, आणि डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेसला हजर झाले. सिंहगड सुमारे चार हजार तीनशे फूट उंच. हा गड त्यांचा जन्मभराचा वैद्यच म्हणायचा. तिथला त्यांचा बंगला पुण्याला जाणारे आपले लोक आजही पाहून येतात.

एवढ्यापर्यंतचे आजार भरून निघणारे होते. मधुमेहाचे तसे नाही, तो घरी मुक्कामालाच येतो. १९०८ साली दुसरा खटला उभा राहिला तेव्हा तो मुक्कामाला आलेला होता. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. पुढे सक्तमजुरी जाऊन साधी कैद झाली आणि रवानगी ब्रह्मदेशात मंडालेला. लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भट्टी. आपल्या भिलाईचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला मंडालेचे ऊन समजावून सांगायला नको.

त्या काळी मधुमेहावर औषध असे नव्हतेच. पथ्य हेच औषध. टिळकांनी भात सोडला, सातूच्या पिठावर राहिले. स्वयंपाकाला एक कुलकर्णी आडनावाचा मराठी कैदी मिळाला हे भाग्यच. दिवस ठरलेला: स्नानसंध्या, वाचन, लेखन, आवारात फिरणे, जर्मन-फ्रेंच-पालीचा अभ्यास. १९१० च्या नोव्हेंबरापासून पुढच्या मार्चपर्यंत, पाच महिन्यांच्या आत, शिसपेन्सिलीने गीतारहस्याचा खर्डा पुरा केला. आणि १९१२ च्या जूनमध्ये तार आली की पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. त्यांनाही मधुमेहच होता. ज्या धट्टीकट्ट्या पत्नीवरून मित्र चेष्टा करीत, ती आधी गेली.

इथे थोडे स्वतःचे सांगतो, रागावू नका. मला मधुमेह होऊन एकोणीस वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात चपलेचा पट्टा घासून अंगठ्याला जखम झाली आणि दीड महिना चालणे बंद. साखर वाढली. मांड्या तर अशा सुकल्या की जिना चढताना कठडा धरावा लागे. डॉक्टरांनी समजावले ते सोपे आहे. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनही त्यांच्यावर जास्त चांगले चालते. बिछान्यावर पडून राहिले की आधी स्नायूच झिजतात, मग साखर जायची कुठे? जखम पूर्ण भरल्यावर परवानगी मिळाली ती दहा मिनिटांची, सेक्टरमधल्या आमच्या गल्लीपुरती. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायची, बंद बूट घालायचे, घरी आल्यावर तळवे आरशात पाहायचे, खिशात साखरेची पुडी ठेवायची. ज्याने चाळीस वर्षे शिफ्टला सायकल मारली त्याला दहा मिनिटे चालताना लाज वाटते हो! शेजारचे आजोबा मला मागे टाकून पुढे जात. मैत्री बागेपर्यंत पोचायला चार महिने लागले. त्याच दिवसांत मी टिळकांचे चरित्र पुन्हा काढले, आणि पूर्वी जे भाग चाळून सोडले होते, म्हणजे वजन, पथ्य, हवापालट, तेच या खेपेला सावकाश वाचले.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक मंडालेहून परत आले. अठ्ठावन्नाव्याला महिनाभर कमी, म्हणजे आपल्या प्लांटच्या हिशेबाने निवृत्तीच्या जवळ आलेला माणूस. घरात पत्नी नाही, अंगात जुना मधुमेह. पुन्हा तेच केले. पथ्य सोडले नाही, उन्हाळ्यात सिंहगड सोडला नाही. सतरा वर्षांच्या वयातला पैलवानी व्यायाम आता शक्य नव्हता. झेपेल तेवढेच, पण नेमाने. १९१५ मध्ये गीतारहस्य छापून निघाले, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली, वर्षअखेर लखनौचा करार. मग आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचे दौरे, आणि १९१८ च्या सप्टेंबरात चिरोलवरच्या खटल्यासाठी विलायतेचा प्रवास. परदेशातल्या थंडीत वर्षभर पथ्य सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांची मुले परदेशी आहेत आणि जे तिकडे तीन महिने राहून आले आहेत त्यांना विचारा.

नोव्हेंबर १९१९ मध्ये ते परतले. पुढच्या जुलैत मुंबईला सरदारगृहात मुक्काम असताना ताप आला, त्यातून न्यूमोनिया झाला, आणि १ ऑगस्ट १९२० च्या मध्यरात्रीनंतर त्यांनी देह ठेवला. वय चौसष्ट. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडात टोरांटोच्या इस्पितळात चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. आमच्या फ्रीजच्या दारात, दह्याच्या वाटीशेजारी, ते आता महिन्याभराचे ठेवलेले असते.