काळ्या आईचे कैवारी

पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला, म्हणजे त्याचे पाणी गढूळ का होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ते पाणी गढूळ होते ते कोणाच्या तरी शेतातील कसदार मातीने. ही माती एकदा वाहून गेली की ती परत येत नाही. बोटभर जाडीचा मातीचा थर घडवावयास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. तो वाहून न्यावयास मात्र वळवाच्या चार जोरकस सरी पुरेशा होतात. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे एक मूळ या वाहून जाणाऱ्या मातीत आहे, हे एकशे चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखले, ते थोर पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म इ. स. १८२७ मध्ये पुण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे, परंतु पुण्यास आल्यावर फुलांचा व्यवसाय भरभराटीस आला आणि लोक त्यांना फुले या नावाने ओळखू लागले. जोतीराव वर्षाचेही नव्हते, तोच त्यांची आई चिमणाबाई निवर्तली. वडील गोविंदराव आणि मावसबहीण सगुणाबाई यांनी त्यांचे लालनपालन केले.

त्या काळी माळ्याच्या मुलाने शाळेत जावे, ही गोष्ट पुष्कळांना रुचत नसे. जोतीरावांना थोडेसे लिहिता-वाचता येऊ लागले, तोच त्यांचे नाव शाळेतून काढण्यात आले. मग त्यांच्या हाती पाटीऐवजी खुरपे आले. वाफे बांधणे, पाटाचे पाणी वळवणे, तण काढणे, खत पसरणे ही कामे ते मनापासून करू लागले. रात्री मात्र दिव्याच्या उजेडात त्यांचे वाचन चाले. ही ज्ञानाची ओढ शेजारच्या गफारबेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन सुजाण गृहस्थांच्या नजरेस आली. त्यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि इ. स. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत दाखल झाले. शाळेबाहेर गेलेली ती वर्षे व्यर्थ ठरली नाहीत. मातीचा स्पर्श, पिकाची नड आणि कष्टकऱ्याच्या पाठीवरचे ऊन यांची ओळख त्यांना त्याच वर्षांत झाली.

जोतीरावांनी केलेले समाजकार्य सर्वांस ठाऊक आहे. इ. स. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, पत्नी सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले आणि त्यापायी वडिलांचे घरही सोडले. इ. स. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला केला. इ. स. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. परंतु या सर्व कामांइतकीच मोलाची अशी त्यांची आणखी एक सेवा आहे. ती म्हणजे शेतीची आणि शेतजमिनीची चिंता.

उपजीविकेसाठी जोतीराव बांधकामाचे ठेके घेत. त्या धंद्यात त्यांना चार पैसे मिळाले. खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि मुठेचा कालवा पुण्याच्या पूर्वेकडील शिवारातून वाहू लागला. पण शेतकरी ते पाणी घेण्यास धजेनात. पाणीपट्टीचा बोजा आणि नव्या गोष्टीची धास्ती, अशा दोन्ही अडचणी त्यांच्यापुढे होत्या. जोतीरावांनी कोणालाही उपदेश केला नाही. त्यांनी मांजरी येथे स्वतः जमीन घेतली, कालव्याचे पाणी शेतात खेळवले आणि भाजीपाल्याचे व बागायती पीक काढून दाखवले. जे सांगावयाचे ते आधी करून दाखवावे, अशी त्यांची रीत होती.

याच सुमारास महाराष्ट्रातील शेतकरी मोठ्या संकटात होता. सावकाराचे कर्ज आणि सरकारी सारा यांच्या कात्रीत तो सापडला होता. इ. स. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला. सोलापूर भागाला तर त्याची झळ फारच लागली. गुरे चाऱ्यावाचून मेली आणि माणसे अन्नासाठी गाव सोडून गेली. जोतीरावांनी सत्यशोधक समाजातर्फे पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. भुकेल्याला आज भाकरी द्यावी, हे खरेच. पण त्याचे शेत पुन्हा पिकावे, यासाठी काय करावे? हा प्रश्न त्यांच्या मनाला लागून राहिला.

या चिंतनातून इ. स. १८८३ मध्ये त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ग्रंथाची प्रकरणे त्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवली. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही तो ऐकला. या ग्रंथात जोतीरावांनी जमिनीचे दुखणे एखाद्या कुशल वैद्याप्रमाणे तपासले आहे. पूर्वी शेतकरी पाळीपाळीने काही शेत पडीक टाकून जमिनीला विसावा देत असे. पुढे खाणारी तोंडे वाढली, वाटण्या झाल्या, साऱ्याचा तगादा लागला आणि जमिनीला विसावा देणे कोणालाच परवडेना. गायराने गेली, त्यामुळे गुरे घटली. गुरे घटली, त्यामुळे खत घटले. जमीन दरसाल देतच राहिली आणि तिला परत काहीच मिळेना. अशा जमिनीचा कस उतरला तर नवल ते काय?

दुसरे दुखणे पाण्याचे. डोंगरावरचे गवत, पालापाचोळा आणि मेलेले जीवजंतू कुजून त्यांचे सत्त्व तयार होते. पावसाच्या पाण्याबरोबर हे सत्त्व शेतात येऊन मुरावयास हवे. परंतु बांध नसल्यामुळे ते थेट ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत निघून जाते, हे जोतीरावांनी दाखवून दिले.

दुखणे कळल्यावर त्यांनी उपायही सुचवले. सरकारने आपल्या पदरच्या फौजेतील व पोलिसांतील फाजील माणसांकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग पुढे जाईल. दऱ्याखोऱ्यांतून सोयीसोयीने तलाव व तळी बांधावीत, म्हणजे उन्हाळ्यातही ओढे वाहतील आणि विहिरींना पाणी राहील. शेतात घळी पडू नयेत म्हणून बांध दुरुस्त ठेवावेत. नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा आणि गायराने गावांना परत करावीत. पाणाड्यांकडून जमिनीखालच्या झऱ्यांचा शोध घेऊन ते नकाशात नोंदवावेत. याखेरीज शेतीची प्रदर्शने भरवावीत, नांगर हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवावे, असेही त्यांनी सुचवले.

ग्रंथ लिहून ते स्वस्थ बसले नाहीत. इ. स. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास आले असता त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. निमंत्रित मंडळी भरजरी पोशाख व रत्नालंकार घालून आली. जोतीराव मात्र डोक्याला मुंडासे, अंगावर घोंगडी अशा गरीब शेतकऱ्याच्या वेशात तेथे गेले. दारावरील शिपायांनी त्यांना अडवलेसुद्धा. पण ते आत गेले आणि भर सभेत उभे राहून त्यांनी पाहुण्यांना निर्भयपणे सांगितले, की या श्रीमंत मंडळींवरून हिंदुस्थानची पारख करू नये. खरी प्रजा खेड्यांत उपाशी आणि अज्ञानात आहे, तिच्या शिक्षणाची सोय करण्याविषयी राणीसाहेबांना कळवावे.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. पुढे पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी सुचवलेले बहुतेक उपाय त्यांच्या हयातीत अमलात आले नव्हते.

परंतु चांगले बी वाया जात नाही. इ. स. १९३३ च्या सुमारास सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. उतारावरचे पाणी अडवले की माती व ओल दोन्ही टिकतात, असे तेथील प्रयोगांनी सिद्ध केले. इ. स. १९४२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि गावोगाव बांधबंदिस्तीची कामे निघाली. इ. स. १९६८ मध्ये राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले; त्याला जोतीरावांचेच नाव आहे. सोलापूरचे संशोधन केंद्रही आज याच विद्यापीठाच्या छत्राखाली काम करते.

जमिनीला विसावा देण्याचा विचारही पुढे अधिक फळाला आला. ज्वारीमागून हरभरा किंवा तूर घेतली, तर कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात, हे आता सर्वमान्य आहे. पीकही मिळते आणि जमिनीचा कसही राखला जातो. यालाच पिकांची फेरपालट म्हणतात. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावी आज कोणी शेतकरी कोणत्या तुकड्यात कोणते पीक केव्हा घेतले, माती तपासली तेव्हा काय आढळले, याची नोंद मोबाइलवर ठेवू शकतो आणि पुढच्या हंगामाचा बेत आखू शकतो. मात्र साधन नवे असले, तरी त्यामागचा विचार जुनाच आहे. जमिनीकडून घ्यावे तितके तिला परत द्यावे आणि शिवारातले पाणी शिवारातच मुरवावे, हा तो विचार होय.

आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी पावसाळ्यातही नितळ वाहू लागेल, तेव्हा महात्मा फुल्यांचे ऋण थोडेसे तरी फिटले, असे समजावयास हरकत नाही.