होस्टेलवाला शुबर्ट

मॅगझिनमध्ये थोर व्यक्तीचं चरित्र दिसलं की आपण पान उलटतो. मीही उलटतो. पण आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो पाच वर्षं होस्टेलवर राहिला, मेसच्या जेवणाला वैतागला, घरी पैसे मागत राहिला आणि मॅथ्सच्या मार्कांवरून शेवटी होस्टेल सोडून गेला. तेव्हा जरा थांबा.

नाव फ्रान्झ शुबर्ट. गाव व्हिएन्ना. जन्म ३१ जानेवारी १७९७, मृत्यू १९ नोव्हेंबर १८२८. म्हणजे वयाची बत्तीस वर्षंही पुरी झाली नाहीत. तेवढ्यात या पठ्ठ्याने सहाशेच्या वर गाणी लिहिली. शिवाय सिंफनी, पियानोचे सोनाटा आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते त्याचं चेंबर म्युझिक.

चेंबर म्युझिक म्हणजे काय? सरळ सांगायचं तर खोलीत बसून वाजवायचं संगीत. आपल्याकडे मोठ्या स्टेजवरचा कार्यक्रम आणि घरगुती बैठक यात जो फरक, साधारण तोच. ऑर्केस्ट्रात साठ-सत्तर वादक असतात. एकच ओळ दहा-बारा व्हायोलिनवाले मिळून वाजवतात आणि समोर कंडक्टर उभा असतो. चेंबर म्युझिकमध्ये चार, पाच, फार तर आठ-नऊ जण. प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि कंडक्टर बहुधा नसतोच. कोण कधी सुरू करणार, कोण कुठे हळू होणार, हे एकमेकांच्या डोळ्यांकडे आणि श्वासाकडे बघून ठरतं. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक जण काम करतो आणि तिघं सह्या करतात, तसं इथे चालत नाही. एक जण चुकला की सगळ्यांना ऐकू जातं!

म्हणूनच मोठमोठ्या ऑर्केस्ट्रातल्या वादकांना सुट्टीच्या दिवशी हे वाजवायची ओढ असते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या वादकांनी व्हिली बॉस्कोव्स्कीच्या पुढाकाराने आठ जणांचा संच काढला, त्याची रेकॉर्डिंग्ज अजून लोक शोधून ऐकतात. शनिवार-रविवार धरून ऑस्ट्रियन चेंबर म्युझिकचा महोत्सव भरवला की त्यात हायडन, मोत्झार्ट, बीथोव्हन आणि शुबर्ट ही चार नावं येतातच. गंमत अशी की या चौघांपैकी खुद्द व्हिएन्नात जन्मलेला एकटा शुबर्ट. बाकीचे तिघं बाहेरून आलेले. आणि सुट्टीच्या दिवशी जमून वाजवायचं हा प्रकार शुबर्टच्या तर घरातच होता.

त्याचे वडील शाळामास्तर. व्हिएन्नाच्या एका उपनगरात राहत्या घरातच शाळा. चौदा मुलं झाली, त्यातली पाचच जगली. वडिलांनी फ्रान्झला व्हायोलिन शिकवलं, थोरल्या इग्नाझने पियानो. पुढे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे गुरुजी मिळाले. आवाज गोड होता. १८०८ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, परीक्षा देऊन तो राजदरबाराच्या गायकवृंदात निवडला गेला. परीक्षा घेणाऱ्यांत सालिएरी होते. निवड झालेल्या मुलांना राहायला आणि शिकायला श्टाटकोनविक्ट नावाचं सरकारी वसतिगृह होतं. इथून आपल्या मित्राचं होस्टेल लाइफ सुरू झालं.

होस्टेल कडक शिस्तीचं. संगीताची खोली हिवाळ्यात शेकोटीशिवाय. व्हिएन्नाच्या थंडीत बोटं गारठलेली असताना पोरं तिथे प्रॅक्टिस करायची. १८१२ च्या नोव्हेंबरमध्ये शुबर्टने भावाला लिहिलेलं एक पत्र उरलं आहे. त्यात त्याने मेसचं गणित मांडलंय. दुपारचं सुमार जेवण आणि रात्रीचं त्याहून भिकार जेवण यांच्यामध्ये साडेआठ तास जातात, तेवढ्या वेळात एखादा पाव आणि दोन-चार सफरचंदं मिळाली तर बरं होईल, वडील देतात ते पैसे पहिल्या काही दिवसांतच संपतात, तेव्हा महिन्याला थोडे पाठवत जा, अशी विनंती. हे पत्र वाचताना मला मधली दोनशे वर्षं जाणवलीच नाहीत. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची आई गेली होती. पंधरा वर्षांचं पोरगं होतं ते.

होस्टेलवर एक गोष्ट मात्र भारी होती. विद्यार्थ्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा. रोज संध्याकाळी हायडन, मोत्झार्टच्या सिंफनी वाजायच्या. तिथे त्याला भेटला योझेफ फॉन स्पाउन, लॉ शिकणारा, वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठा सिनियर. स्पाउनला कळलं की हा लाजरा, चष्मेवाला ज्युनिअर चोरून संगीत लिहितो, पण लिहायला कागद नाही. रेघा आखलेला कागद तेव्हा महाग होता. स्पाउनने काय केलं? रॅगिंग नाही, भाषण नाही. कागद आणून दिला. मग संपला की पुन्हा आणून दिला. पोराने गठ्ठेच्या गठ्ठे संपवले.

सुट्टीच्या दिवशी शुबर्ट घरी जायचा. तिथे घरच्यांची चौकडी बसायची. फर्डिनांड आणि इग्नाझ हे भाऊ व्हायोलिनवर, फ्रान्झ व्हायोलावर, वडील चेलोवर. त्याच्या सुरुवातीच्या स्ट्रिंग क्वार्टेट याच बैठकीसाठी लिहिलेल्या. वडील हौशी वादक, अधूनमधून चुकायचे. फर्डिनांडने नंतर लिहिलंय की पहिल्या चुकीकडे फ्रान्झ दुर्लक्ष करायचा, आणि तीच चूक पुन्हा झाली की हसून, अगदी अदबीने, कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वडिलांना सुचवायचा. घरात सगळ्यात धाकटा वादक, पण कान सगळ्यात तयार.

आणि आता मॅथ्स. १८१२ मध्ये आवाज फुटला, तशी गायकवृंदातली जागा गेली. पुढच्या वर्षी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली गेली, पण अट अशी की मार्क सुधारायचे. गणित कच्चं होतं. संगीत हा दुय्यम विषय समजावा असंही वरून सांगण्यात आलं. शुबर्टने शिष्यवृत्ती नाकारली आणि होस्टेल सोडलं. (हे वाचून कोणी उद्या एम-थ्रीचा पेपर सोडू नका. आपण शुबर्ट नाही!)

पुढे मास्तरकीचं शिक्षण घेऊन तो वडिलांच्याच शाळेत लहान पोरांना शिकवायला लागला. मनापासून नाही. पण १८१५ या एका वर्षात, शाळा सांभाळून, त्याने १४० च्या वर गाणी लिहिली. वय अठरा. घरची चौकडी वाढत वाढत छोटा ऑर्केस्ट्रा झाला. जागा पुरेना म्हणून बैठक ओटो हाटविग या व्हायोलिनवादकाच्या घरी हलली. हाटविग स्वतः बर्गथिएटरच्या ऑर्केस्ट्रात नोकरीला. म्हणजे नोकरीत पोटापुरतं वाजवायचं आणि सुट्टीत मनापुरतं. शुबर्टची पाचवी सिंफनी याच घरातल्या मंडळींनी पहिल्यांदा वाजवली. तिच्यात ट्रंपेट नाहीत, ड्रम नाहीत.

नोकरीच्या बाबतीत मात्र सगळाच आनंद. १८१६ मध्ये संगीत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, नाकारला गेला. त्याच वर्षी स्पाउनने त्याची गाणी थोर कवी गटे यांच्याकडे पाठवली. कागद उत्तराशिवाय परत आले. शेवटी शाळा सोडून तो मित्रांकडे राहायला लागला, आज याच्या खोलीवर, उद्या त्याच्या. 'पर्मनंट' म्हणावी अशी नोकरी त्याला आयुष्यभर मिळाली नाही.

पण मित्र मिळाले. १८१९ च्या उन्हाळ्यात योहान मिखाएल फोगल या गायकाबरोबर तो श्टायर या गावी गेला. तिथे पाउमगार्टनर नावाचा खाणीचा अधिकारी हौसेने चेलो वाजवायचा. त्याला शुबर्टचं ट्राउट माशावरचं गाणं फार आवडायचं. त्याच्या सांगण्यावरून शुबर्टने ट्राउट क्विंटेट लिहिली. पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. नेहमीची जोडणी सोडून दुसऱ्या व्हायोलिनऐवजी खाली डबल बास घातला, त्यामुळे पियानोचा डावा हात मोकळा झाला आणि वरती पाण्यासारखा खळाळायला लागला. शुबर्टच्या हातची मूळ प्रत हरवली. ती रचना टिकली अल्बर्ट श्टाडलरने उतरवून ठेवलेल्या कागदांमुळे. हा श्टाडलर कोण? होस्टेलमधलाच मित्र! आपल्याकडे नोट्स उतरवून ठेवणारा एक जण असतो ना, तसा.

१८२१ पासून मित्रांच्या घरी शुबर्टियाड भरायला लागले. म्हणजे संध्याकाळी जमायचं, शुबर्टची गाणी, पियानो, खाणं-पिणं, नाच. त्याच वर्षी त्याचं गाणं छापलं गेलं, तेही मित्रांनी वर्गणी काढून.

मग १८२२-२३ मध्ये आजार आला. अभ्यासकांच्या मते तो सिफिलिस होता. त्या काळात त्यावर खरा इलाज नव्हता. हॉस्पिटल झालं, केस गेले, काही दिवस विग लावावा लागला. १८२४ च्या मार्चमध्ये एका चित्रकार मित्राला त्याने पत्र लिहिलं. आपल्याइतका दुःखी माणूस जगात नसेल असं त्यात आहे. आणि त्याच पत्रात पुढे, अगदी कामाचा रिपोर्ट द्यावा तसा, दोन क्वार्टेट आणि एक ऑक्टेट लिहून झाल्याचा, आणखी एक क्वार्टेट लिहायचा विचार असल्याचा आणि या वाटेनेच मोठ्या सिंफनीकडे जायचं असल्याचा हिशोब आहे. मी हे चरित्र लिहायला घेतलं ते या एका पत्रामुळे. बरं होण्याची आशा नाही हे माहीत असलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा पुढच्या कामाचं प्लॅनिंग करतोय.

त्यातली ऑक्टेट एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्या सरदाराने, काउंट ट्रोयरने, मागून घेतलेली. त्याला बीथोव्हनच्या सेप्टेटसारखं काहीतरी हवं होतं. शुबर्टने त्यात एक व्हायोलिन वाढवलं. क्लॅरिनेट, बसून, हॉर्न आणि पाच तंतुवाद्यं. जवळजवळ तासभराचं संगीत. बहुतेक वेळ ते इतकं हसरं आहे की आजाराचा पत्ता लागत नाही. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला मात्र खालून थरथर सुरू होते आणि अंगावर काटा येतो.

२६ मार्च १८२८ ला, बीथोव्हनच्या पहिल्या स्मृतिदिनी, मित्रांच्या आग्रहाने त्याने फक्त आपल्या रचनांचा जाहीर कार्यक्रम केला. आयुष्यातला असा एकच. हॉल भरला, खर्च वजा जाता सुमारे ८०० गुल्डन हातात आले. पण तीनच दिवसांनी पॅगानिनीचा व्हिएन्नातला पहिला कार्यक्रम झाला आणि वर्तमानपत्रं त्याच्या मागे धावली.

त्या सप्टेंबरमध्ये तो भाऊ फर्डिनांडच्या घरी राहायला गेला. शेवटची मोठी चेंबर रचना, दोन चेलोंची स्ट्रिंग क्विंटेट, त्याच सुमाराची. २ ऑक्टोबरला त्याने ती प्रकाशकाला देऊ केली. त्याने घेतली नाही. नोव्हेंबरमध्ये अंथरूण धरलं. कार्ल होल्झ या वादकाच्या आठवणीप्रमाणे शेवटच्या दिवसांत काही जण त्याच्या खोलीत आले आणि त्यांनी बीथोव्हनची एक क्वार्टेट त्याच्यासाठी वाजवली. १९ नोव्हेंबरला शुबर्ट गेला.

क्विंटेट जाहीरपणे वाजली १८५० मध्ये, छापली गेली १८५३ मध्ये. म्हणजे तब्बल बावीस-पंचवीस वर्षांनी. मोठी सी मेजर सिंफनी फर्डिनांडच्या घरातल्या गठ्ठ्यात शूमानला सापडली आणि १८३९ मध्ये मेंडेल्सोनने ती लाइपझिगला सादर केली. १९५१ मध्ये ओटो एरिक डॉइच यांनी सगळ्या रचनांची यादी छापली, तेव्हा नंबर ९९८ पर्यंत गेले. शुबर्टच्या रचनेपुढे डी आणि आकडा दिसतो तो या डॉइचचा. ऑस्ट्रियात १९७६ पासून शुबर्टियाड नावाचा महोत्सव भरतो.

मला विचाराल तर या सगळ्याच्या मुळाशी दोन-तीन साधी माणसं आहेत. कागद आणून देणारा स्पाउन, उतरवून ठेवणारा श्टाडलर, गठ्ठे जपणारा फर्डिनांड. स्पाउन पुढे सरकारी अधिकारी झाला, लॉटरी खात्याचा प्रमुख. त्याने एकही सिंफनी लिहिली नाही. पण तो नसता तर पुढचं किती राहून गेलं असतं कोण जाणे. आपल्या विंगमध्येही कुणीतरी रात्री दोनला काहीतरी लिहीत, वाजवत, जुळवत बसलेला असतो. त्याला काय हवंय हे एकदा विचारायला हरकत नाही. कदाचित फक्त कागदच हवा असेल.

असो. सबमिशन संपलं की एखाद्या रविवारी दुपारी मेस उरकून हेडफोन लावा. आधी ट्राउट क्विंटेटचा चौथा भाग ऐका, सोपा आहे, लगेच आवडेल. मग पूर्ण ऑक्टेट. आणि रात्री लाइट घालवून दोन चेलोंच्या क्विंटेटचा दुसरा भाग. रूम पार्टनर झोपला असेल तर त्याला उठवू नका. जागा असेल तर एक इअरफोन त्याला द्या.