सात शपथा आणि नामदार गोखले

स्वयंसेवी संस्थेच्या कचेरीत गेले की भिंतीवर सुबक चौकटीत संस्थेचे ध्येय टांगलेले दिसते. त्या चौकटीखाली राबणाऱ्यांच्या मनात ते कितपत उतरते, हा प्रश्न मात्र निराळा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याचे उत्तर १९०५ सालीच शोधले होते.

९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे जन्मलेल्या गोखल्यांनी पहिला धडा गिरवला तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीत. आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, हा तेथला दंडक. तो पाळूनच १९०२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. कॉलेजजवळच्या टेकडीवर सकाळी आधी स्वतः सात शपथा घेतल्या. मग द्रविड, देवधर आणि पटवर्धन या तिघांना दिल्या. देशाला मनात पहिले स्थान, जातिधर्माचा भेद न करता सेवा, संस्था देईल तेवढ्यात समाधान, कोणाशी वैयक्तिक भांडण नाही, असे त्यांचे स्वरूप. नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. म्हणजे ध्येय आधी अंगवळणी पडायचे!

पैशाच्या ओढीने कोणी या वाटेला येणेच शक्य नव्हते. तरीही माणसे आली. मुंबई नगरपालिकेतील इंजिनिअरची नोकरी सोडून ठक्करबाप्पा १९१४ मध्ये सदस्य झाले आणि पुढे भिल्लांच्या सेवेत रमले. ना. म. जोशी कामगारांचे झाले.

पण लिखित ध्येय माणसे जोडते, तशी अडवतेही. गांधीजींनी समाजात यावे ही गोखल्यांची मनापासून इच्छा. परंतु गांधीजींची मते आणि समाजाची धोरणे यांत अंतर आहे, असे अनेक सदस्यांना वाटत होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले गेले. मतभेद वाढू नयेत म्हणून गांधीजींनी पुढे आपण होऊन अर्ज मागे घेतला. गोखल्यांना गुरू मानणारा शिष्यच गुरूच्या संस्थेबाहेर राहिला.

ध्येयाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका हकिकतीत दिसतात. एवढे मात्र खरे, की गोखल्यांनी सहकाऱ्यांकडून जे मागितले, ते आधी स्वतः दिले होते. भिंतीवरच्या चौकटीत नेमके हेच मावत नाही.