नामदार गोखले यांच्या वक्तृत्वाची शिकवणी

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. स्नेहसंमेलन जवळ आले की वर्गातील जो धिटाईने बोलतो त्याला आपण पुढे ढकलतो आणि बाकीचे टाळ्या वाजवायला मोकळे होतो! परंतु ज्यांच्या भाषणांची दखल खुद्द व्हाइसरॉयच्या सरकारला घ्यावी लागे, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र वाचले की हा समज टिकत नाही. गोखल्यांचे वक्तृत्व घडवले गेले होते आणि ते घडवणारे गुरू होते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. त्यांचे वडील कागल संस्थानात नोकरीला होते. बेळगावहून कोल्हापूरला जाताना निपाणीच्या पुढे लागते तेच हे कागल. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवीत. अशा पैशावर शिकलेल्या मुलाला एक रुपया म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नाही. १८८४ साली ते बी. ए. झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तकही बरेच चालले.

१८८७ च्या सुमारास ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले आणि येथूनच त्यांची खरी शिकवणी सुरू झाली. व्यासपीठावर उभे कसे राहावे किंवा हातवारे कसे करावेत, हा या शिकवणीचा विषय नव्हता. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, टिपणे करायची, सार्वजनिक सभेचे अर्ज लिहायचे. लिहिलेले रानडे तपासणार आणि पसंत नसेल तर पुन्हा लिहायचे. इतके कष्ट करून लिहिलेल्या अर्जाला सरकार दोन ओळींचे उत्तर देते, मग उपयोग काय, असे एकदा तरुण गोखल्यांनी विचारले. हे अर्ज नावाला सरकारकडे जातात, खरे तर ते लोकांना विचार करायला शिकवण्यासाठी असतात, असे रानड्यांनी त्यांना समजावले. आपण कोणासाठी बोलतो, हा वक्तृत्वाचा पहिला धडा त्यांना असा मिळाला.

दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते वेगळे. हे जोशी व्यवसायाने शाळेचे हेडमास्तर, पण सरकारी जमाखर्चाचे आकडे त्यांना तोंडपाठ! १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले, तेव्हा या दोघांनी त्यांची कसून तयारी करून घेतली होती. तीस वर्षांच्या या प्राध्यापकाने कसलेल्या इंग्रज सभासदांच्या प्रश्नांना आकड्यांनिशी उत्तरे दिली.

पण त्याच मुक्कामात एक कठीण प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे मित्रांकडून आली. गोखल्यांनी त्यांवर विसंबून विलायतेत जाहीर निवेदन केले. इकडे २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली होती आणि वातावरण तापलेले होते. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा साक्षीला उघडपणे कोणीच उभे राहीना. मित्रांची नावे सांगितली असती तर ते संकटात सापडले असते. गोखल्यांनी सारा दोष स्वतःकडे घेऊन जाहीर माफी मागितली. देशभर त्यांची निंदा झाली. लोकांचे हाल खरे होते, पण ते सिद्ध करण्याचे साधन वक्त्याच्या हाती नव्हते. त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत आधार नसलेले वाक्य शोधूनही सापडणे कठीण.

१९०१ च्या जानेवारीत रानडे वारले. पुढच्याच वर्षी, २६ मार्च १९०२ रोजी, गोखल्यांनी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ते विशेष वाचनीय वाटते. सरकारजवळ कोट्यवधींची शिल्लक होती आणि त्याबद्दल सर्वत्र अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी हिशेब उलगडून दाखवला. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा विलायतेला द्यायची रक्कम भागवण्यासाठी कर वाढवले गेले. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तरी वाढवलेले कर तसेच राहिले. म्हणजे शिल्लक ही भरभराटीची खूण नसून दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून घेतलेला जादा पैसा होता! या भाषणासाठी आकड्यांचे साहाय्य जोशी यांनीच केले होते आणि गोखल्यांनी पत्र लिहून श्रेय त्यांना दिले. १९०३ साली मिठावरील कर दर मणी अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत तो एक रुपया झाला. याचे श्रेय एकट्या गोखल्यांचे नसले, तरी त्यांच्या सततच्या मांडणीचा त्यात मोठा वाटा होता.

प्रत्येक वेळी यश आलेच असे नाही. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. उत्तम भाषणानेही मते फिरत नाहीत, हे त्यांना पुरते ठाऊक होते आणि तरीही त्यांनी तयारीत कसूर केली नाही.

आपल्याला मिळालेली शिकवणी त्यांनी पुढे दिली. १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदाला पाच वर्षे शिक्षण घ्यावे लागे. त्यांच्यानंतर समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री यांचे इंग्रजी वक्तृत्व तर पुढे साऱ्या साम्राज्यात गाजले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले गेले. मित्रहो, वक्तृत्व स्पर्धेसाठी आपण आरशासमोर उभे राहतो, आवाज चढवतो, उतरवतो. तेही करावेच. पण त्याआधी एक तास ग्रंथालयात बसावे आणि लिहिलेले भाषण, ते निर्भीडपणे खोडून टाकील अशा एखाद्या गुरुजनांच्या हाती द्यावे. गोखले वर्षानुवर्षे हेच करीत आले.