सोवळ्यातून पंगतीत : लक्ष्मीबाई टिळकांचा राहुरीतला दिवस

राहुरी : शाळेच्या पुस्तकात ‘स्मृतिचित्रे’तला उतारा अनेकांनी वाचला असेल. पण ते लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांना खरं घर मिळालं ते नगर-राहुरीकडच्या ख्रिस्ती मंडळीत, हे फारसं बोललं जात नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेले जिन्नसही धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत. कळायच्या वयाआधीच लग्न झालं ते कवी नारायण वामन टिळकांशी. माणूस बुद्धीने तेज, पण एका गावी टिकेना. नोकऱ्या सुटत, बिऱ्हाड हलत राही. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या साहेबाने त्यांच्या हातात बायबल दिलं, आणि तिथून सगळं बदललं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला. अशा बाईने कुठं जायचं? पंढरपूरला बहिणीकडे राहून त्यांनी दिवस काढले. रडताना ओळी सुचू लागल्या, कविता जन्मली ती याच काळात. पत्रं जात-येत होती, भांडणंही होत होती. साडेचार-पाच वर्षं अशी गेली आणि मग त्या मुलाला घेऊन नगरला नवऱ्याकडे आल्या.

आल्या खऱ्या, पण धर्म सोडून नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं, शिवाशीव जपायची. तेव्हाच्या मंडळीत महार-मांग समाजातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. गावकुसाबाहेर वाढलेली माणसं शेजारी, आणि मधे या बाईचं सोवळं. सोपं नव्हतं, शेजाऱ्यांनाही नसणार, हे विसरून चालणार नाही.

पुढे बिऱ्हाड राहुरीला आलं. छप्पन्नच्या दुष्काळाचा तो काळ. कुणी प्रवचन देऊन लक्ष्मीबाईंना बदललं नाही. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. एकट्या बसल्या असताना त्यांच्याच मनात आलं, की देवाने माणसाला जातीची खूण घालून पाठवलेलं नाही, हे भेद माणसांनी केले. बस्स. ज्या हातचं पाणी चालत नव्हतं, ते त्या दिवसापासून चालू लागलं. आधी जात गेली, धर्म नंतर बदलला. ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी अशी आहे. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग त्या मंडळीच्याच होऊन गेल्या. नगरला प्लेग आला तेव्हा गावाबाहेरच्या झोपड्यांत मुलींची काळजी घ्यायला उभ्या राहिल्या. घरात पोरकी पोरं, पाहुणे, कवी यांचा राबता. बालकवी ठोंबरे तर घरचं पोर असल्यासारखेच राहिले. टिळकांनी प्रार्थनेत अभंग आणि कीर्तन आणलं, त्यामुळे जुन्या घरातला सूर या नव्या घरातही ऐकू येत राहिला. सगळं गोडच होतं असं नाही. पैसा टिकत नसे, आणि मिशनऱ्यांशी टिळकांचे खटकेही उडत.

9 मे 1919 ला टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई मग मुंबईत आणि मुलाजवळ कराचीला राहिल्या. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला नवऱ्याने अक्षर ओळखायला शिकवलं, तिनेच पुढचे अध्याय लिहून ते पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’चे भाग 1934 पासून निघाले आणि मराठी वाचक थक्क झाला, कारण भाषा स्वयंपाकघरातली आणि हसू स्वतःवरचं. 24 फेब्रुवारी 1936 ला लक्ष्मीबाई गेल्या.